नाथाजी जतकरांची नवी कॅसेट

महेंद्रने कॅसेटवरचा चुरचुरीत कागद दाताने फाडला आणि डबी उघडण्याआधी दोन्ही हात पँटला पुसले. विट्याच्या स्टँडसमोर जयपालचं कॅसेटचं दुकान होतं. दुपारच्या वेळी तिथे दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. जयपालने चालू असलेलं गाणं बंद केलं, काउंटरवरचा टेप पुढे सरकवला आणि स्वतःचं स्टूल महेंद्रला दिलं.

"हितंच ऐकनार, का घरी?"

"एक गाणं ऐकतो. मग जातो."

डबीवर शाहिरांचा फोटो होता. आधीच्या कॅसेटींवर ते डफ उंच धरून उभे असत, गळ्याच्या शिरा ताठलेल्या, तोंड उघडं. या फोटोत ते खुर्चीवर बसले होते, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसावं तसे. खाली लिहिलं होतं, 'शाहीर नाथाजी जतकर यांची नवी गाणी'. बऱ्याच वर्षांनी त्यांची कॅसेट आली होती. जयपालने पहिल्या गठ्ठ्यातली एक महेंद्रसाठी बाजूला काढून ठेवली होती.

गाणं सुरू झालं. आधी पेटी, मग ढोलकी. ढोलकी सावकाश होती. महेंद्रने चपलेच्या टाचेने फरशीवर ठेका धरला आणि तो वाट बघू लागला.

जतकरांचा जलसा ज्याने ऐकला नाही त्याला ही वाट बघणं कळायचं नाही. त्यांच्या प्रत्येक गाण्यात मध्येच पेटी थांबायची, ढोलकी थांबायची, आणि एकटी हलगी उरायची. त्या हलगीवर शाहीर बोलायला लागायचे. गायचे नाहीत, बोलायचे. पण तालात, यमकाला यमक लावत, एका श्वासात, इतकं भराभर की ऐकणाऱ्याचाच दम कोंडावा. एका शब्दात दोन अर्थ असायचे, आणि पहिला अर्थ डोक्यात शिरेपर्यंत शाहीर चार ओळी पुढे गेलेले असायचे. लोक त्याला सरबत्ती म्हणत. सांगली-साताऱ्याकडच्या वस्त्यांतून कितीतरी पोरांनी तशी सरबत्ती करून बघितली होती. कुणाला जमली नव्हती.

पहिलं गाणं संपलं. सरबत्ती आली नाही. दुसरं लागलं. महेंद्र स्टुलावर थोडा पुढे सरकला. शब्द असे होते की शाळेत नुकत्याच घातलेल्या पोरालाही कळावेत. कुठे कोपरखळी नाही, कुठे शब्दाला शब्द घासून ठिणगी नाही.

'अर्धी भाकर ताटात होती, मी म्हणालो घे गं. ती म्हणाली साकू साकू, तुम्ही आधी खा.'

"साकू म्हंजे काय रं?" महेंद्रने विचारलं.

"असंल कायतरी कानडी. म्हातारा तिकडंच हद्दीवर ऱ्हातोय न्हवं?" जयपाल म्हणाला. मग त्याने विचारलं, "कशी हाय?"

महेंद्रने टेप थांबवला. एक गाणं ऐकून जाणार होता, पण दुसरंही संपत आलं होतं.

"पेटी लय वाजलीया," तो म्हणाला.

महेंद्र होवाळ कडेगावला वीज मंडळात वायरमन होता. चाळिशी उलटून गेली होती. जतकरांची गाणी त्याला इतकी पाठ होती की खांबावर चढताना तो ती पुटपुटायचा, आणि खाली शिडी धरून उभा असलेला जोडीदार म्हणायचा, तार जोडतोयस का गाणं? त्याच्या घरी शाहिरांची एकूण एक कॅसेट होती. काहींची फीत तुटून पुन्हा जोडलेली होती.

हे वेड त्याला लहानपणी लागलं. धर्मांतराला फार दिवस झाले नव्हते. वस्तीतल्या मोकळ्या जागेत बैलगाडी सोडून तिच्यावर फळ्या टाकल्या होत्या, आणि त्या फळ्यांवर एक किडमिडीत तरुण उभा होता. वस्तीच्या तोंडाशी गावातले चारदोन लोक हातात काठ्या घेऊन नुसते बघत थांबले होते. तरुणाने त्यांच्याकडे बघितलं आणि हलगीवाल्याला खूण केली.

'विहीर कुणाची? गावाची. गाव कुणाचं? सगळ्यांचं. सगळ्यांत आम्ही हाय का न्हाई? न्हाई तर शिवारात आमचा घाम का? घाम हाय तर नाव का न्हाई? नाव हाय तर वाट का न्हाई? वाट हाय तर पाणी का न्हाई?'

ते कुठे थांबलंच नाही. महेंद्र बापाच्या मांडीला टेकून बसला होता. त्याच्या बापाने, धोंडीबाने, पोराचं मनगट धरलं होतं, आणि सरबत्ती चालू असताना ती पकड घट्ट होत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातून सांगावा आला, बैल मेलाय, ओढायला या. धोंडीबा उंबऱ्यात बसला होता. तो उठला नाही. "आज न्हाई," तो म्हणाला, "आन उद्याबी न्हाई." एवढं बोलून तो दात घासत बसला. सांगावा आणणारा गेल्यावर मात्र तो तोंडातल्या तोंडात म्हणत होता, 'वाट हाय तर पाणी का न्हाई?'

महेंद्रला पुढे शाळा मिळाली, नोकरी मिळाली. कुणी विचारलं तर तो सांगायचा, आमच्या घरात पहिल्यांदा कुणी नाही म्हणालं ते शाहिरांमुळं.

या वर्षी जयंतीला शाहिरांना बोलवायचं, हे महेंद्रनेच मंडळाच्या बैठकीत उभं राहून मांडलं होतं. पोरांना सांगलीचा ऑर्केस्ट्रा हवा होता. त्याचा मुलगा राजरत्न कराडला कॉलेजात शिकत होता आणि मंडळाचा सेक्रेटरी होता. "एकदा ऐका, मग बोला," महेंद्र पोरांना म्हणाला होता. त्याच्या वयाकडे बघून पोरं गप्प बसली. निरोप गेला. शाहिरांचा होकारही आला.

रविवारी विहाराच्या कर्ण्यावर नवी कॅसेट लावली. महेंद्रने लावायला दिली नव्हती. राजरत्नने ती घरातून नेली. दुसऱ्या गाण्याला कुणीतरी मोठ्याने जांभई दिली आणि सगळे हसले. राजरत्न हसला नाही. त्याने कॅसेट काढून घरी आणली आणि बापासमोर ठेवली.

"आप्पा, राग मानू नका. ही गाणी म्हणली तर लोक उठून जात्याल."

"शाहीर समोर हुबा ऱ्हायला की कोण उठत न्हाई."

"मग त्यांना सांगा, जुनंच म्हणा. नवं एकबी नको. तसं कबूल असंल तर पोरांची हरकत न्हाई. न्हाईतर ऑर्केस्ट्रा सांगायचं म्हणत्यात."

राजरत्न बाहेर गेल्यावर महेंद्रची बायको नीलिमा चुलीपुढून म्हणाली,

"तुमाला तरी आवडली का?"

महेंद्र कॅसेट डबीत घालत होता. ती उलटी बसली, डबी मिटेना. त्याने ती काढली, परत घातली, परत उलटीच बसली.

"जातो मी जतला," तो म्हणाला. "समोरासमोर सांगतो."

त्याने रजा टाकली आणि पहिली गाडी धरली. तासगावापर्यंत दोन्ही अंगांना ऊस आणि द्राक्षबागा होत्या. पुढे हिरवा रंग हळूहळू विरळ झाला, आणि जतच्या अलीकडे नुसता माळ लागला. मेंढरं माना खाली घालून एकमेकांच्या सावलीत उभी होती. जतला उतरून तो वडापच्या जीपमध्ये बसला. जीपमधली माणसं मराठीत सुरुवात करून कानडीत संपवत होती. वाटेत काय बोलायचं ते महेंद्रने मनाशी जुळवलं. शाहीर, लहान तोंडी मोठा घास घेतोय. शाहीर, तुमची आग कुठं गेली? शाहीर, आमाला आमचा जतकर परत द्या. ही शेवटची ओळ त्याला बरी वाटली.

शाहिरांचं घर गावाच्या कडेला होतं. दोन खोल्या, पुढे पत्रा, आणि पत्र्याखाली रांगेत रिकामे हंडे. दारात एक बाई जोंधळे निवडत बसली होती. पांढरे केस, कानडी पद्धतीचं काठाचं लुगडं. महेंद्रने जय भीम घातला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं: कडेगावाहून आलोय, होवाळ माझं नाव, जयंतीचा निरोप मीच धाडला होता, त्याचंच जरा बोलायचंय, शाहीर घरात हायत का?

बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने सूप खाली ठेवलं.

"सावकाश बोलायचं, बाळ," ती म्हणाली. "बिगीबिगी बोललं की मला मराठी कळत न्हाई."

महेंद्रने पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. ती प्रत्येक शब्दाला मान हलवत होती.

"कडेगाव. लांब," ती म्हणाली. "ते पाण्याला गेले. टँकर आलंय. बसा."

ती कलव्वा, शाहिरांची बायको. माहेर हद्दीपलीकडचं. या गावातही निम्मं बोलणं कानडीतच चालायचं, त्यामुळे बाजारापुरती मराठी आली की तिचं भागत होतं. हे महेंद्रला त्यानंतर कळलं. त्या वेळी तिने तांब्यातून भांड्यात पाणी ओतून दिलं आणि तो प्याला. पाण्याची तंगी दिसत होती म्हणून अर्ध्यावर थांबला. ती आणखी ओतायला लागली, तेव्हा त्याने भांड्यावर हात धरला.

"साकू?" तिने विचारलं.

महेंद्रने वर पाहिलं. "साकू म्हंजे?"

"पुरे. साकू म्हणजे पुरे." ती हसली. "तुमी ऐकलं काय कॅसेट?"

उत्तराची वाट न बघता ती आत गेली. फळीवर टेप होता, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. तिने रुमालाची घडी केली, बाजूला ठेवली आणि बटण दाबलं. तेच गाणं लागलं. कलव्वा भिंतीला टेकून उभी राहिली. शाहिरांच्या आवाजाच्या किंचित आधी तिचे ओठ हलत होते. भाकरीच्या ओळीला तिने पदर तोंडाला लावला.

"माझं कॅसेट हाय हे," ती म्हणाली.

शाहीर आले ते खांद्यावर घागर घेऊन. सदरा भिजून पाठीला चिकटला होता. फोटोतल्यापेक्षा वाळलेले दिसत होते. महेंद्र घागर घ्यायला धावला, पण त्यांनी ती दिली नाही. आत नेऊन, उतरवून, वर फडकं बांधून मग ते बाहेर आले.

"होवाळ म्हंजे तूच न्हवं? कडेगावात जलशाला लाइट गेलती तवा खांबावर चढला हुतास?"

"व्हय, शाहीर."

"आन वरनंच माझी सरबत्ती पुरी करीत हुतास. मला ऐकू येत हुतं."

महेंद्र खाली बघून हसला. दोघं कडुनिंबाखाली बसले. कलव्वाने चहा आणून दिला आणि ती परत जोंधळ्यांपाशी गेली. शाहिरांनी बशीत चहा ओतला, फुंकला, आणि बशीवरूनच विचारलं,

"ऐकलीस?"

"ऐकली."

"कशी हाय?"

महेंद्रने कप खाली ठेवला. जीपमधली शेवटची ओळ ओठांपर्यंत आली, पण कलव्वा तिथेच समोर, सूप पाखडत बसली होती.

"शब्द चांगले हायत," तो म्हणाला.

"शब्द चांगले हायत असं लोक मयताच्या भाषणाला म्हणत्यात. आवडली न्हाई म्हण की."

"न्हाई आवडली, शाहीर."

शाहिरांनी मान हलवली. रागावलेले दिसले नाहीत. चहा संपवून त्यांनी बशी पालथी घातली.

"मिरजंला मोठा जलसा झाला हुता. तू आलतास का? मैदान भरलं हुतं. हिला पयल्यांदाच संगं नेली. त्याच्या आदी कवा नेलीच न्हवती. पोरं, ढोरं, पाणी. ही घरी, मी गावोगाव. तर बायकांच्या म्होरं बसवली. मी सरबत्ती धरली. मैदान हसाया लागलं. हीबी हसाया लागली. मला लय बरं वाटलं. मग नीट बघितलं तर ही माझ्याकडं बघतच न्हवती. शेजारणीच्या तोंडाकडं बघत हुती. ती हसली की हसायची. ती थांबली की थांबायची."

त्यांनी पालथी बशी पुन्हा सरळ केली.

"त्या दिशी मधीच दम अडकला माजा. लोकांना वाटलं, शाहीर थकला."

सुपातून जोंधळे सरसरत होते. कलव्वाने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा काम सुरू केलं.

"मग हिला कळंल असं लिवाया बसलो. भराभर लिवणं सोपं हाय गड्या. सावकाश लिवाया जीव जातोय. एक शब्द अवघड पडला की खोडायचा. कंपनीवाला म्हणाला, शाहीर, सरबत्ती न्हाई तर कॅसेट कोण घेणार? म्हणलं, एक बाई घील."

महेंद्र कडुनिंबाच्या काडीने जमिनीवर रेघा ओढत होता. शाहिरांनीच पुढे विचारलं,

"पोरं काय म्हणत्यात तुमची? खरं सांग. त्येच्याचसाठी आलास न्हवं?"

"जुनं मागत्यात."

"आन तू?"

"मीबी जुनंच मागतोय," महेंद्र म्हणाला. मग रेघा पायाने पुसून टाकत म्हणाला, "पर एक नवं म्हणा. आन काकूंना घिऊन या."

परत आल्यावर राजरत्नने विचारलं, सांगितलं का? महेंद्र म्हणाला, सांगितलं, जुनं म्हणतो म्हणाले. नव्याबद्दल तो बोलला नाही.

कार्यक्रम जयंतीच्या आठवड्यातच, ऊन उतरल्यावर, विहारासमोरच्या पटांगणात होता. गर्दी बरी होती. पोरं मागे मोटरसायकलींना टेकून उभी होती, कंटाळा आला तर निघता यावं म्हणून. कलव्वाला नीलिमाने आपल्याशेजारी पहिल्या रांगेत बसवलं.

शाहिरांनी डफ उचलला आणि विहिरीचं गाणं धरलं. आवाज खरखरीत झाला होता, पण अजून चढत होता. पेटी थांबली, ढोलकी थांबली, हलगी उरली. मागची पोरं मोटरसायकलींवरून सरळ झाली. 'विहीर कुणाची? गावाची. गाव कुणाचं?' शब्द पूर्वीसारखेच सुटले, एकावर एक, आणि पटांगण श्वास धरून बसलं. मध्यावर शाहिरांना ठसका लागला. हलगी वाजत राहिली, पण वर शब्द नव्हते. महेंद्रला स्वतःचा आवाज ऐकू आला. 'घाम हाय तर नाव का न्हाई?' तो खुर्ची धरून उभा होता. त्याच्या पाठोपाठ त्याच्या वयाचे आणखी काहीजण उठले. आपले बाप इतकं भराभर बोलू शकतात हे पोरांना ठाऊक नव्हतं. ती वळून वळून त्यांच्याकडे बघायला लागली. शाहिरांनी दम घेतला, शेवटच्या ओळी स्वतःकडे ओढून घेतल्या आणि डफावर थाप मारली. टाळ्या थांबेनात. राजरत्न स्टेजच्या पायरीवर उभा राहून दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता.

मग शाहीर म्हणाले, "आता एक नवं." आणि पेटी लागली.

ढोलकीला गावातलाच तरुण पोरगा होता. टाळ्यांनी त्याचा हात तापला होता. त्याने लय चढवली. शाहिरांनी त्याच्याकडे न बघता हात लांब केला आणि ढोलकीच्या पानावर तळवा ठेवला. ढोलकी मुकी झाली. तळवा उचलून त्यांनी बोटांनी हळू ठेका दाखवला, आणि तो पोराला सापडल्यावरच तोंड उघडलं.

'तू पाणी आणलं, मी गाणं आणलं, दोन्हींत जड काय होतं, सांग गं.'

मागची पोरं चहाच्या गाड्याकडे निघाली. काही थांबली. राजरत्नने महेंद्रकडे पाहिलं, पण महेंद्र समोर बघत होता. बायकांच्या बाजूची कुजबुज थांबली होती. नीलिमा पदराने वारा घेत होती, तिचा हात तसाच थांबला. भाकरीच्या ओळीला पहिल्या रांगेत कुणीतरी मोकळं हसलं. साकू म्हणजे काय ते शाहीर सोडले तर त्या पटांगणात तिलाच ठाऊक होतं, आणि महेंद्रला.

महेंद्रला ते गाणं त्या दिवशीही फारसं आवडलं नाही. पण ते संपू नये असं त्याला वाटत होतं.

शाहीर आणि कलव्वा त्या दिवशी महेंद्रच्या घरी राहिले. सकाळी तो त्यांना स्टँडवर सोडायला गेला. गाडी लागलेली होती. शाहीर जागा धरायला पुढे गेले. खिडकीतून हात घालून त्यांनी सीटवर पंचा टाकला आणि कंडक्टरशी बोलत उभे राहिले. कंडक्टर काल पटांगणात होता. तो शाहिरांना सोडायला तयार नव्हता.

कलव्वा पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. महेंद्र शेजारी उभा होता.

"बाळ, एक सांगू?"

"सांगा की."

तिला शब्द जुळवायला वेळ लागला.

"काल पहिलं गायले. विहिरीचं. ते मला लय आवडतंय. लग्न झालं तवापासनं. काय म्हणतात, कळत न्हाई. पण हितं," तिने छातीवर हात ठेवला, "हितं हलगीसारखं होतंय."

महेंद्र तिच्याजवळ बाकावर बसला.

"आन नवं?"

"नवं कळतंय," ती म्हणाली. "सगळं कळतंय." ती थोडा वेळ गाडीकडे बघत राहिली. "जुनं आवडतंय."

शाहीर हाताने कंडक्टरला काहीतरी ताल दाखवत होते. कलव्वाने आवाज खाली आणला.

"त्यांना सांगू नका. लय दिवस बसून लिहिले. एकेक शब्द मला विचारून लिहिले. मी रोज लावते."

"न्हाई सांगत," महेंद्र म्हणाला. त्याने दोन्ही शब्द सुटे म्हटले, तिला कळतील असे.

शाहीर परत आले. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"काय बोलणं चाललंय?"

"कॅसेटचं," कलव्वा पिशवी उचलत म्हणाली. "ह्यांनाबी आता आवडलं म्हणतात."

शाहिरांनी महेंद्रकडे पाहिलं. कडुनिंबाखाली बसून विचारलं होतं तसंच, सरळ डोळ्यांत.

"व्हय रं?"

"व्हय," महेंद्र म्हणाला.

शाहिरांनी कलव्वाच्या हातातली पिशवी घेतली, दुसऱ्या हाताने तिचा दंड धरला, आणि गाडीची उंच पायरी तिला चढता यावी म्हणून ते खाली थांबून राहिले.